दव उडाल्यावर करडईच्या वावरात

ही हकिकत सांगायचे मी आजवर टाळले. टाळले असे म्हणण्यातही थोडी लबाडी आहे, कारण यातली अर्धी हकिकत मी पूर्वी मोठ्या थाटात सांगून बसलो आहे. मासिकात लिहिली, सभांतून पडद्यावर चित्रे दाखवत ऐकवली, टाळ्या घेतल्या. "काट्यांत राहून हसावे कसे, हे वऱ्हाडातली करडई शिकवते आणि ती उघड्या हातांनी खुडणाऱ्या तिथल्या बाया शिकवतात." हे वाक्य माझे. ते काही वाचकांनी पाठ केले होते. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात आशीर्वाद म्हणून ते म्हणून दाखवले, तेव्हा मी मान लववून नमस्कारही केला.

त्या वाक्यातले "उघड्या हातांनी" हे शब्द खोटे आहेत. आता कॅमेरा विकून झाला, नजर अधू झाली, आणि आपल्यामागे ते वाक्य तसेच राहील या विचाराने झोप लागत नाही. म्हणून उरलेली अर्धी सांगतो. पण वाचकाने आतापासून तोंड पाडून बसू नये. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मजेचा प्रवास होता. तो आनंद खोटा नव्हता, आणि तोही जसा होता तसाच सांगितला पाहिजे.

कारंजा

मागचे महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. मी रत्नागिरीकडचा, समुद्राच्या काठावरचा. मुंबईत फोटोचे काम शिकलो, कर्ज न काढता कॅमेरा घेतला म्हणून स्वतःवर भलताच खूश होतो. एका मासिकाने वऱ्हाडची चित्रे मागितली आणि मी उडी मारूनच निघालो.

कारंज्याला पोचलो तो कापसाचा हंगाम. अहो, काय तो देखावा! वेशीच्या आत-बाहेर बैलगाड्यांची रांग, प्रत्येक गाडीवर घराएवढा कापूस. बाभळींच्या काट्यांना कापूस, दुकानांच्या पाट्यांना कापूस, हमालांच्या भुवयांना कापूस. आमच्याकडे पांढरे म्हणजे लाटेचा फेस, तो क्षणात विरतो. इथे रस्त्यावर पांढरे पडलेले, आणि त्यातून शेळ्या चरत चाललेल्या. मी तिकाटणे उभे करायला जागा शोधत होतो, तेवढ्यात एक उंच, काळासावळा शेतकरी माझ्याभोवती प्रदक्षिणा घालून समोर उभा राहिला.

"मोजणीवाले हाय का जी तुमी?"

"नाही. फोटोवाला."

"मंग हे तीन पायाचं कायले? वावर मोजाचं दिसते मले तं."

त्याला मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटा बाजार दाखवला. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, "सारे लोक डोक्यावर उभे हायत, पन पैसे नाई पडून राह्यले कोनाचे." आणि स्वतःच खदखदून हसला. हा पुंजाजी. त्याचा कापूस विकून झाला होता, बंडी रिकामी परत चालली होती. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. मला फुलांचेही चित्र हवे आहे म्हटल्यावर त्याने माझी पेटी उचलून सरळ बंडीत ठेवली.

"आमच्या वावरात सध्या आग लागली हाय. करडई फुलली. चाला पाहाले."

मंगरूळच्या रस्त्याने त्याचे गाव. रस्ता कसला, काळ्या मातीतली चाकोरी. बंडीच्या तळाशी उरलेला कापूस वाऱ्याने उडून माझ्या केसांत, मिशांत, कानांत जाऊन बसला. घरासमोर उतरलो तेव्हा पुंजाजीची बायको चंद्रभागा, गावाची चंद्राबाई, दारात आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्या बुढ्याले काऊन एवढ्या लांब आणलं जी उन्हातान्हाचं?"

आत कोणीतरी फिसकन हसले. ती वेणू, त्यांची लेक. मी डोके झटकले आणि कापसाखालून काळे केस निघाले तसे मायलेकी दोघी पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. पुढे मी तिथे असेपर्यंत माझे नाव "बुढे पाव्हणे" हेच राहिले.

पुंजाजीच्या घरी

आमच्याकडे नारळाशिवाय पान हलत नाही. इथे नारळ फक्त देवळात. पऱ्हाटी म्हणजे कापसाचे वाळलेले झाड. त्याच्या जाळावर चंद्राबाईने वांगी भाजली, पाट्यावर मिरची रगडली, वरून करडईचे कच्चे तेल सोडले. ज्वारीची भाकर परातीएवढी. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"माय, बुढे पाव्हणे रडून राह्यले," वेणू म्हणाली.

"त्याह्यले घरची याद आली असन," पुंजाजी गंभीरपणे म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. मी रडत रडत दुसरी भाकर मागितली. तसले भरीत मी त्यानंतर कधी खाल्ले नाही.

जेवणानंतर चंद्राबाईने मला एक सूप दाखवले. त्यात वाळलेल्या करडईच्या पाकळ्या होत्या, तांबड्या, केशरासारख्या बारीक. फाल्गुनात वेणूचे लग्न होते. त्या घरची रीत अशी की लेकीच्या लग्नातला शेला आईने आपल्या वावरातल्या फुलांनी, आपल्या हाताने रंगवायचा. फुले मळायला दुसऱ्या कोणाचा हात लावायचा नाही.

"पह्यले सारं पिवळं पानी काढून टाकाचं," ती सांगत होती. "मंग पापडखार टाकून मळाचं, हात दुखेवर. वरून निंबू पिळला का असा गुलाबी उतरते, का पाह्यतच राहावं! माह्या मायनं माहा रंगवला, तिच्या मायनं तिचा."

"आणि बाजारातला रंग?"

"तो कोनीबी देते," ती म्हणाली. मग जरा थांबून, नवऱ्याकडे न पाहता, "पाव्हणे, पोरीचा एक फोटू निंगन का? सासरी गेल्यावर पाहाले."

मी म्हणालो, "का नाही निघणार, वहिनी! सकाळी आधी फुलांचा काढू, मग वेणूचा."

तिचा चेहरा जो उजळला, त्याचे चित्र तेवढे माझ्याकडे नाही.

वावरात

पहाटे निघालो. थंडी मजेची होती. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचलो आणि मी पेटी खाली ठेवली. नजर जाईल तिथवर करडई! कळी उमलते तेव्हा हळदीसारखी पिवळी, दुसऱ्या दिवशी नारिंगी, आणि सुकायला लागली की तांबडी. एकाच झाडावर तिन्ही रंग. आणि त्याच झाडाच्या प्रत्येक पानाला, फुलाखालच्या प्रत्येक हिरव्या दलाला सुईसारखा काटा. आमच्याकडे बकुळ अंगणात सांडते, अबोली परसात वाढते, फूल म्हणजे ओंजळीत येणारी वस्तू. हे फूल शिपायासारखे उभे होते. ढोरे त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून गव्हाच्या कडेनेही लोक करडईच पेरतात.

गावातल्या आणखी काही बाया आल्या होत्या. सगळ्यांनी हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटाबोटापर्यंत गुंडाळल्या होत्या, फक्त चिमटीपुरती बोटांची टोके मोकळी. आणि सगळ्या घाईत होत्या. करडईचा काटा दवाने नरम पडतो. ऊन चढून दव उडाले की तोच काटा ताठ होतो आणि टोचून आत मोडतो. म्हणून तिथली रीत पक्की: दव उडाले की हात काढायचा. त्यानंतर जी तोडत राहते तिला बाया हावरी म्हणतात, आणि ते नाव एकदा लागले की सहसा सुटत नाही.

मी एक टवटवीत पिवळे फूल दाखवून म्हटले, "हे घ्या ना, वहिनी. किती सुंदर आहे!"

"ते राहू द्या. त्याचं काम चालू हाय अजून." तिने शेजारचे सुकलेले, मान टाकलेले फूल चिमटीत धरून अलगद खेचले. पाकळ्या हातात आल्या, बोंड झाडावर राहिले. "याचं दाना धराचं काम झालं. आता याच्यात रंग हाय."

मी ऐकले आणि सोडून दिले. मला पिवळेच हवे होते.

"फोटूत तोंड येते का निरे हात?" एक बाई ओरडली. "तोंड येत असन तं मी कुकू लावून येतो."

"तुह्या तोंडानं काच फुटन त्याह्यची," दुसरी म्हणाली, आणि सगळे वावर हसले.

तेव्हा फोटो काचेवर उतरत, एका फोटोला एक काच; पहिली काच मी त्या कोवळ्या उजेडात घेतली. चंद्राबाईचे चिंध्या बांधलेले हात, त्यात फूल, पानांवर दव. काच सरकवून बाहेर काढली आणि माझ्या मनात आले, या चिंध्या किती ओंगळ दिसतील! एवढे फूल, आणि त्याला धरलेला चिंध्यांचा गोळा!

"वहिनी, फडकी सोडता का? एकच फोटो. ऊन जरा वर येऊ दे, मग फूल खुलून दिसेल."

तिने आभाळाकडे पाहिले. "दव हाय तवर चालते," म्हणाली आणि दातांनी गाठ सोडली.

मी घाईघाईने काळे फडके डोक्यावर ओढून कॅमेऱ्यात शिरलो. धुऱ्यावर बांधलेला पुंजाजीचा बैल मला तसा पाहून असा बिथरला, की दावे तोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात घुसला. "अरे सर्ज्या! अरे लेका, पाव्हणा हाय तो!" करत पुंजाजी मागे धावला. बाया हसून हसून खाली बसल्या. मी फडक्याबाहेर डोके काढले तर बैल पार ओढ्यापलीकडे, पुंजाजीचे पागोटे हरभऱ्यात. या धांदलीत काच बसवण्याची चौकट अडकली. मी ती काढत होतो, पुसत होतो, शिट्टी वाजवत होतो.

"दव उडालं, चाला वं!" कोणीतरी हाळी दिली. बाया पाट्या डोक्यावर घेऊन निघून गेल्या. चंद्राबाईही निघाली, तिला मी हात करून थांबवले.

"झालं का जी?"

"झालंच. हात जरा आत घाला. आणखी. ते मोठं फूल धरा. हं, असंच. हलू नका."

तिने हात आत घातला. मी भिंगावरचे झाकण काढले. ती हलली नाही. झाकण लावून मी पाहिले तेव्हा तिच्या मनगटापर्यंत लाल रेघा होत्या आणि उजव्या हाताची तर्जनी तिने दुसऱ्या हाताने आवळून धरली होती.

"लागलं का?"

"काटा हाय. निंगते," ती म्हणाली. मग हसली. "आता पोरीचा काढसान ना?"

त्याच सकाळी मी अंगणात वेणूचा फोटो काढला. नवे लुगडे, हनुवटी वर, डोळे मोठे. चंद्राबाई माझ्यामागे उभी होती, हात पदराखाली.

वाशीम आणि शिरपूर

दुपारी दुसरी बंडी मिळाली आणि मी पुढे गेलो. काय सांगू, सगळे मला सुंदरच दिसत होते! वाशीमच्या तळ्यावर पायऱ्यांवरून उतरताना घसरलो, बुटांसकट पाण्यात बसलो, तर एका आजीने मला धीर दिला, "तीर्थ हाय बापू, फुकट नाई गेलं." शिरपूरला जुने जैन मंदिर पाहिले. आतली मूर्ती जमिनीला टेकत नाही असे सांगतात. पुजाऱ्याने दिवा खालून फिरवून दाखवला, मी तोंड उघडे टाकून पाहत राहिलो. बाहेर यात्रेकरूंच्या एका तांड्याने मला कणकेचे रोडगे वाढले, गोवरीच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले. रस्त्याच्या कडेने पळस फुलू लागला होता. आणि बंडीत आडवा पडून मी ते वाक्य जुळवत होतो: काट्यांत राहून हसावे कसे.

परत पुंजाजीच्या घरी

कारंज्याला परतताना मुद्दाम वाट वाकडी केली. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून वेणूसाठी वाशीमच्या बांगड्या घेतल्या होत्या.

चंद्राबाई ओसरीवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, हळद आणि कडुनिंबाचा पाला बांधलेला. काट्याचे टोक तर्जनीच्या सांध्यात राहिले होते. वैदूने कापून काढले, पण बोट हलत नव्हते. पाकळ्यांचे सूप कोपऱ्यात तसेच होते. त्यावर धूळ.

पुंजाजी म्हणाला, "पाहा जी तुमच्या वहिनीले! दव उडालं तरी तोडत बसली. सारं गाव हासून राह्यलं. हावरी हाय, हावरी!" तो चिडला नव्हता. काळजीने बोलत होता.

वेणू पाणी घेऊन आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "दोन फुलं कमी पडली असती तं काय झालं असतं व माय? आता शेल्याले बजारातली पुडी."

मी तोंड उघडले. चंद्राबाईने माझ्याकडे पाहिले, एकदाच, आणि माझ्याआधी बोलली.

"फोटू तं दव व्हतं तवाच झाला व्हता. पाव्हणे सामान बांधून राह्यले व्हते. मीच मंग तोडत बसली. हाव सुटली मले."

घरी आलेल्या माणसाला तिने असे झाकून घेतले. आणि मी झाकून घेऊ दिले. मी बांगड्या दिल्या, वेणूने त्या कपाळाला लावल्या. मी गूळ-दूध प्यालो. बोट बरे होईल असेही म्हणालो.

त्यानंतर

मुंबईत काचा धुतल्या. त्या काळच्या काचांना पिवळा-तांबडा रंग दिसत नसे. ज्या रंगासाठी मी वेडा झालो होतो तो चित्रात कोळशासारखा काळा उतरला. पहिली काच, चिंध्यांच्या हातांची, अतिशय देखणी आली होती. चिंधीच्या प्रत्येक धाग्यावर दवाचा थेंब होता. दुसरीची गरजच नव्हती. पण माझे वाक्य आधीच तयार होते आणि त्याला उघडे हात हवे होते. मी दुसरी छापायला दिली.

वेणूचा फोटो मात्र चौकट करून पाठवला. तेवढे नीट केले.

बऱ्याच वर्षांनी, त्या बाजूला मोटारी सुरू झाल्यावर, मी पुन्हा गेलो. बरोबर ते छापलेले चित्र होते आणि मनात पाठ केलेले बोलणे. मोटारीतून उतरलो तेव्हा पुन्हा हंगाम होता, पुन्हा केसांत कापूस. पुंजाजी आता नव्हता. चंद्राबाईने दारातून पाहिले आणि ओरडली, "अवं माय, बुढे पाव्हणे!" मी डोके झटकले. या खेपेला खाली काळे केस निघाले नाहीत. दोघेही हसलो.

भिंतीवर वेणू होती, हनुवटी वर, डोळे मोठे. तिच्या चौकटीला ताजी करडई खोचलेली. वेणू लेकराबाळांची झाली होती, दूर हिंगोलीकडे राहत होती, वर्षातून एकदा येई.

"रोज सक्काऊन पाह्यतो मी तिले," चंद्राबाई म्हणाली. "तुमचे उपकार हायत पाव्हणे. गावात कोनाच्याच पोरीचा नाई असा." मग हसत हसत सांगितले, शेल्याचा पुडीचा रंग लग्नातच घामाने फुटला, वेणूची पाठ लाल झाली, आणि वऱ्हाडी म्हणाले, हावरीच्या लेकीचा शेला. "अजून म्हनते गाव मले हावरी. नाव पडलं ते पडलं." आजोळी राहिलेल्या वेणूच्या एका लेकराने तेवढ्यात बाहेरून "हावरी आजी!" अशी हाक मारली आणि तिने ओ दिली.

मी चित्र काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते उजेडात धरले.

"फुलं काऊन काळी जी?"

मी काचांचे सांगितले. तिने मान हलवली, पण तिचे लक्ष फुलांकडे नव्हते. ती हाताकडे पाहत होती. मग आपला उजवा हात तिने चित्राशेजारी ठेवला. तर्जनी आकड्यासारखी वाकून कायमची बसली होती.

"पाहा," ती नवलाने म्हणाली, "तवा सरळ व्हतं."

मी पाठ केलेले बोलणे सुरू करणार होतो. ती उठली, म्हणाली, "भरीत टाकतो, बसा." आणि त्या वाकड्या बोटाने पऱ्हाटी मोडू लागली. मी बसलो. पोटभर जेवलो. डोळ्यांतून पाणी आले ते मिरचीवर ढकलले. मोटारीची वेळ झाली म्हणून निघालो. तिने वेशीपर्यंत पोचवले. तिथे बाया होत्या, तिला हावरी म्हणून थट्टा करणाऱ्याच. त्यांच्यासमोर बोलायला हवे होते, आणि मी फक्त येतो म्हणालो.

पुढच्या हंगामात जाईन म्हणत गेलो. एका वर्षी गेलो तेव्हा घर बंद होते, आणि वावरात दुसऱ्या कोणाची ज्वारी होती.

करडईने मला शिकवले ते एवढेच: जे फूल मला सुंदर दिसत होते ते अजून आपल्या कामात होते, आणि ज्याच्यात रंग होता ते मी पाहिलेच नाही. पण हे मी वाचकांना सांगून काय उपयोग? सांगायचे होते ते तिला, वेशीत, त्या बायांच्या देखत:

वहिनी, त्या सकाळी फोटो आधी झालेला नव्हता. दव उडाले तेव्हा बाया गेल्या, तुम्हीही निघाला होतात, मी थांबवले. फडकी मी सोडायला लावली. हात आणखी आत घाला, असे मी म्हणालो. वेणूचा शेला माझ्यामुळे राहिला. मला क्षमा करा. हावऱ्या तुम्ही नव्हतात. हावरा मी होतो.